पोलिओ परत आलेला नाही, पण त्यांचं थकणं खरं आहे

पत्र:
ताई नमस्कार. आम्ही सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. आमचे मिस्टर 54 वर्षांचे, सरकारी ऑफिसात क्लार्क. दोन वर्षांचे असताना ताप आला, डॉक्टरने इंजेक्शन दिलं आणि डावा पाय गेला. पोलिओ. पण त्यांनी कधी कुणाला जाणवू दिलं नाही. डाव्या मांडीवर हात दाबून चालतात, साइड व्हीलच्या गाडीवर ऑफिसला जातात, तिथे दोन मजले चढतात, दर नवरात्रात तुळजापूरच्या पायऱ्या उतरून दर्शन घेतात. गेली दोन-तीन वर्षं मात्र काहीतरी बिघडलंय. तीनदा पडले. संध्याकाळी आले की बूटसुद्धा न काढता सोफ्यावर आडवे होतात. चांगला पायपण दुखतो म्हणतात. थंडीत डावा पाय निळा पडतो. डॉक्टर म्हणाले वजन कमी करा आणि रोज चाला, म्हणून यांनी सकाळचं चालणं वाढवलं तर अजूनच बिघडलं. मुलगा म्हणतो बाबा हल्ली कारणं सांगतात. सासूबाई रडतात, म्हणतात माझंच चुकलं तेव्हा. पायाला आधाराला बांधायच्या कॅलिपरचं नाव काढलं की हे अंगावर येतात. पोलिओ परत आलाय का? नातीला काही होणार नाही ना? पुढच्या महिन्यात हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, ते करावं का? आणि यांना व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घ्यायला लावू का?

उत्तर:
ताई, आधी नातीचं सांगते म्हणजे तुम्हाला रात्री झोप लागेल. तिला आजोबांपासून काहीही होणार नाही. त्यांच्या अंगात आज पोलिओचा विषाणू नाहीये, तो पन्नास वर्षांपूर्वी आला, काही आठवड्यांत निघूनही गेला, जाताना जे नुकसान करायचं ते करून गेला. नातीला तिचे डोस मात्र वेळेवर द्या, ते सगळ्याच मुलांना द्यायचे असतात. भारतातली जंगली पोलिओची शेवटची केस 13 जानेवारी 2011 ची, हावड्याची, आणि 27 मार्च 2014 ला आपल्याला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं, तरी डोस थांबलेले नाहीत कारण पाकिस्तान-अफगाणिस्तानात तो अजून आहे. तेव्हा तिला आजोबांच्या मांडीवर खुशाल बसू द्या. उजव्या मांडीवर बसवा फक्त.

मग हे चाललंय काय? मी डॉक्टर नाही, पत्र वाचून निदान करायचा मला अधिकार पण नाही. पण मी स्वतः पोलिओवाली आहे, उजवा पाय, आणि तुमच्या पत्रातली एकेक ओळ मला ओळखीची वाटली. पोलिओ होऊन गेल्यावर माणूस पंधरा-वीस, कधी तीस-चाळीस वर्षं एकदम स्थिर असतो, शिकतो, नोकरी करतो, लग्न करतो, आणि मग हळूहळू नवीन अशक्तपणा यायला लागतो, कधी जुन्याच पायात तर कधी ज्याला आपण आयुष्यभर चांगला पाय म्हणत आलो त्या पायात. सोबत भयंकर थकवा, स्नायू आणि सांधे दुखणं, थंडी अजिबात सहन न होणं. याला पोस्ट पोलिओ सिंड्रोम म्हणतात. पोलिओ झालेल्यांपैकी साधारण 25 ते 40 टक्के लोकांना हे होतं असं सांगतात, म्हणजे काही दुर्मिळ प्रकार नाहीये हा. पण तुमच्या डॉक्टरांना लगेच सुचलं नाही म्हणून त्यांच्यावर रागावू नका, आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या बऱ्याच डॉक्टरांनी पोलिओचा ताजा पेशंट डोळ्यांनी बघितलेलाच नाही, तर त्याचा चाळीस वर्षांनंतरचा हिशोब त्यांना कोण सांगणार.

कसं होतं ते तुम्हाला तुमच्या मिस्टरांच्याच ऑफिसच्या भाषेत सांगते. पाय हलवायचा हुकूम ज्या पेशी देतात त्या पायात नसतात, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत असतात, आणि पोलिओचा विषाणू त्यांना मारतो. समजा ऑफिसात दहा क्लार्क होते आणि सहा एका रात्रीत गेले. त्यांच्या जागा कधीच भरल्या नाहीत. उरलेल्या चौघांनी त्या सहा टेबलांचं काम आपल्या अंगावर घेतलं, आणि काम इतकं नीट चालवलं की साहेबांना वाटलं सगळं ठीक आहे. शरीरात अगदी हेच होतं, वाचलेल्या पेशी नवीन फाटे फोडतात आणि पोरक्या झालेल्या स्नायूंच्या तंतूंना जोडून घेतात, म्हणून तर लहानपणी पूर्ण लुळा पडलेला पाय दोन-तीन वर्षांत थोडाफार उभा राहतो. पण ते चौघं आता चाळीस-पन्नास वर्षं सुट्टी न घेता डबल-तिबल काम करतायत. ते फाटे आता गळायला लागतात. आणि अशा वेळी साहेब म्हणतो, काम वाढवा.

म्हणून ते सकाळचं वाढवलेलं चालणं आजपासून बंद. डॉक्टरांचा सल्ला बाकी कुणासाठीही बरोबरच होता, वजन वाढलंय, चाला. पण पोलिओतून वाचलेल्या स्नायूला थकेपर्यंत राबवलं की तो बळकट होत नाही, अजून ढेपाळतो. आता याचा उलटा अर्थ पण काढू नका हां, की आता अजिबात हलायचंच नाही. तेही वाईट, पूर्ण बसून राहिलं की जे आहे तेपण जातं, शिवाय वजन, शुगर, बीपी सगळं मागे लागतं. खूण साधी आहे, व्यायाम केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी स्नायू दुखत असतील किंवा आदल्या दिवसापेक्षा पाय जड वाटत असेल तर तो व्यायाम जास्त झाला, तेवढा कमी करायचा. थकायच्या आधी थांबायचं, मध्ये मध्ये बसायचं, पोलिओ नसलेल्या अवयवांना फिजिओच्या देखरेखीखाली हळूहळू कामाला लावायचं. कोमट पाण्याच्या टाकीत किंवा पूलमध्ये व्यायाम मिळाला तर सोन्याहून पिवळं, पाण्यात वजन पायावर येत नाही, पण तालुक्याच्या गावी ते कुठून मिळणार हे मलाही कळतं. खुर्चीत बसून हातांचे आणि पोटाचे व्यायाम तरी कुठेही होतात. वजनासाठी तुम्ही ताटाकडे बघा, पायाकडे नको.

आता सासूबाई. ताई, हे मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात जास्त लागलं. आमच्या पिढीतल्या किती आयांच्या मनात ही एकच गोष्ट पन्नास वर्षं कुजत पडलीये, ताप आला, मी डॉक्टरकडे नेलं, त्याने इंजेक्शन दिलं, पाय गेला. त्यांना शांतपणे बसवून सांगा. पोलिओचा विषाणू तेव्हा गावातल्या पाण्यात-मातीत सगळीकडे होता, त्यांच्या गल्लीतल्या बहुतेक प्रत्येक पोराला तो होऊन गेला असणार आणि बहुतेकांना साधा ताप-सर्दी होऊन किंवा काहीही न होता गेला, कारण साधारण 200 जणांना लागण झाली तर एकाला लुळेपणा येतो. तो एक त्यांच्या घरात निघाला. इंजेक्शनचा भाग खोटा नाही, अंगात विषाणू असताना स्नायूत सुई दिली तर त्या अवयवात लुळेपणा येण्याची शक्यता वाढते हे अभ्यासातून कळलेलं आहे. पण ते तेव्हा सासूबाईंना कुठून कळणार होतं, आणि आजारी मुलाला डॉक्टरकडे नेणं ही चूक कधीपासून झाली? डोस का नाही दिला असंही त्यांना कुणी कुणी ऐकवलं असेल. 1973 च्या सुमाराला? देशाचा लसीकरण कार्यक्रमच 1978 ला सुरू झाला आणि पोलिओचा डोस त्यात त्यानंतर आला, पल्स पोलिओ तर 1995 चं. खेड्यातल्या बाईने डोस आणायचा कुठून? हे सगळं मिस्टरांसमोर सांगा म्हणजे तेही ऐकतील, कारण आईचं ते रडणं बघून त्यांना आपण दुखतंय असं म्हणायचीही चोरी होत असणार.

डॉक्टरांचं आता. पोस्ट पोलिओ ओळखायची एक अशी टेस्ट नाहीये, बाकी सगळी कारणं बाजूला काढत यावं लागतं. म्हणून सोलापूरला किंवा पुण्याला चांगल्या न्यूरोलॉजिस्टला दाखवा, आणि थायरॉइड, शुगर, बी12, व्हिटॅमिन डी हे रक्तात बघून घ्या, आपल्याकडे शाकाहारी घरात बी12 कमी निघणं फार कॉमन आहे आणि त्यानेही थकवा येतो, तो गोळ्या-इंजेक्शनने बरा होतो. ईएमजी नावाची टेस्ट सांगतील, स्नायू आणि नसांचं काम मोजणारी, त्यात जुना पोलिओ दिसतो आणि खरंच पोलिओच होता ना हेही कळतं, कारण इंजेक्शनने नुसती नस दुखावूनही लहान मुलाचा पाय लुळा पडतो आणि पुढे आयुष्यभर त्याला सगळे पोलिओच म्हणत राहतात. एक गोष्ट तुम्ही स्वतः लक्षात ठेवा, पोलिओत पाय लुळा पडतो पण बधिर होत नाही, चिमटा काढला की कळतो. तेव्हा मुंग्या, बधिरपणा, किंवा लघवीवरचा ताबा जाणं असं काही असेल तर ते पोलिओच्या नावावर खपवायचं नाही, मणक्याचं किंवा शुगरचं असू शकतं, लगेच दाखवायचं. रात्री खूप घोरतात का, सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का, दिवसा बसल्या बसल्या डुलक्या येतात का, पाणी पिताना ठसका लागतो का, हेही विचारा. लहानपणी पोलिओत छातीचे स्नायू गेले असतील किंवा पाठीला बाक असेल तर झोपेत श्वास कमी पडतो आणि दिवसभराचा थकवा त्याचाच असू शकतो, त्याची झोपेची तपासणी होते, मशीन मिळतं, आणि माणूस महिन्याभरात वेगळा दिसायला लागतो.

पोस्ट पोलिओ बरा करणारं औषध मात्र नाही. हे तुम्हाला स्पष्ट सांगून ठेवते कारण एकदा नातेवाइकांना कळलं की कुणी स्टेम सेलवाला सुचवेल, कुणी तेल, कुणी अमुक गावचा वैद्य. हलकी मालिश करून बरं वाटत असेल तर जरूर करा, गरम मोजे घाला, थंडीत तो पाय निळा पडतो कारण तिथलं रक्त फिरवायला स्नायूच शिल्लक नाहीत, तेव्हा सकाळी गाडी काढायच्या आधीच पाय झाकलेला हवा. पण लाखांत पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आणि पडणं. मला थकव्यापेक्षा त्या तीन पडण्यांची जास्त काळजी वाटते. पोलिओच्या पायाचं हाड बारीक आणि ठिसूळ असतं, त्यावर आयुष्यभर पूर्ण वजन पडलेलं नसतं ना, आणि मांडीचं हाड मोडलं की दोन-तीन महिने पलंगावर आणि त्या दोन-तीन महिन्यांत उरलेले स्नायू जे जातात ते परत येणं फार अवघड असतं. तेव्हा डॉक्टरांकडे हाडांच्या घनतेची तपासणी करायची का तेवढं विचारा, आणि घरी या आठवड्यातच काही कामं उरका. बाथरूममध्ये प्लास्टिकचं भक्कम स्टूल ठेवा, उभं राहून अंघोळ बंद. भारतीय संडास असेल तर कमोड करून घ्या, तोही नेहमीपेक्षा उंच, कारण खाली बसून उठताना पोलिओवाला माणूस दोन हात आणि एक पाय यांच्यावर अख्खं शरीर उचलतो. भिंतीला स्टीलची दांडी, उजव्या हाताला येईल अशी, प्लंबरकडून नको, गवंड्याकडून पक्की बसवून घ्या, टॉवेलच्या दांडीला धरूनच आमच्या ओळखीचे एक गृहस्थ पडलेत. दारातलं पायपुसणं उचला. आणि तो सोफा, ज्यावर ते येऊन आडवे होतात, तो खोल आणि बुटका असेल तर त्यांच्यासाठी हाताची उंच खुर्ची घ्या, सोफ्यातून उठणं हे आमच्यासाठी दुसरा मजला चढण्यासारखंच असतं.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाला येते, जो तुम्ही विचारलेला नाही पण पत्रभर आहे. मी यांना मदत कशी करू म्हणजे हे चिडणार नाहीत?

ताई, आमच्यासारख्या माणसाला लहानपणापासून एकच शिकवलेलं असतं. रडायचं नाही, मागे राहायचं नाही, सगळ्यांच्या बरोबरीने करून दाखवायचं, बरोबरीनेच काय, जास्तच. शाळेत, नोकरीत, लग्न ठरताना सुद्धा. मुलगी बघायला आलेल्या... सॉरी, मुलगा बघायला आलेल्या लोकांसमोर तुमचे मिस्टर पाण्याचे ग्लास स्वतः घेऊन आले असतील, मी पैज लावते. त्या जिद्दीवरच माणूस इथपर्यंत पोचतो आणि मग पन्नाशीत कुणीतरी येऊन सांगतं की आता ती जिद्दच तुमच्या स्नायूंना खातेय. हे पचणं फार अवघड असतं. पायाचं दुखणं परवडलं, पण ज्या पोलिओला आपण हरवला असं चाळीस वर्षं जगाला सांगितलं तो खुर्ची ओढून परत समोर येऊन बसतो ना, त्याचं दुखणं वेगळं. ते चिडतात ते तुमच्यावर नाही.

म्हणून मदतीचा माझा एकच नियम, त्यांची ताकद वाचवा पण ती कुठे खर्च करायची ते त्यांना ठरवू द्या. दिवसाला समजा ठरावीकच ताकद आहे. आज ती कशात जाते ते दोघांनी बसून एका कागदावर लिहा, दोन दिवसांचं. तुम्हाला आश्चर्य वाटेल, सकाळी गॅस सिलिंडर सरकवणं, गाडी स्टँडवर घेणं, चावी विसरली म्हणून परत आत येणं, दुपारी जेवायला खालच्या टपरीवर उतरणं आणि परत चढणं, असल्या बिनमहत्त्वाच्या गोष्टीत निम्मी ताकद जाते. त्या काढा. डबा द्या. गाडीची चावी दाराशी खिळ्याला. ऑफिसातून आल्यावर अर्धा तास कुणी काही विचारायचं नाही, बाजारातून हे आणलंत का, लाइट बिल भरलं का, काही नाही, तो आडवं पडायचा अर्धा तास हे त्यांचं औषध आहे असं समजा. बूट काढायला लगेच वाकू नका, विचारा, काढू का? नको म्हटलं तर नको.

आणि तुळजापूर. तुम्हाला वाटत असेल की पहिलं तेच बंद करावं. मी नाही करणार. महाद्वारातून खाली उतरायचं आणि परत तेवढंच चढून वर यायचं, मला माहितीये ते किती आहे, पण आईच्या दर्शनाला आपल्या पायाने जाणं हे त्यांच्यासाठी काय आहे हे तुम्ही-मी ठरवू शकत नाही. जायचंच असेल तर आदले दोन दिवस रजा, नंतरचे दोन दिवस रजा, नवरात्रातल्या गर्दीत न जाता आधी किंवा नंतर मधल्या वारी, उतरताना काठी, आणि मध्ये बसत बसत. किंवा एका वर्षी ते स्वतःच म्हणतील, या वेळी व्हीलचेअर घेऊ. ते त्यांच्या तोंडून येऊ द्या. तुम्ही म्हणालात तर पुढची दहा वर्षं ते येणार नाही.

कॅलिपरवर थोडं जास्त बोलते कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. त्यांच्या लहानपणीचा कॅलिपर म्हणजे दोन लोखंडी सळ्या, गुडघ्याला कुलूप, मांडीला चामड्याचे पट्टे, खाली तो काळा जड बूट ज्याचा आवाज वर्गात शिरायच्या आधी शिरायचा. उन्हाळ्यात पट्ट्याखाली कातडी सोलायची. पोरं त्या आवाजाची नक्कल करायची. तर त्यांनी तो एक दिवस काढून फेकला आणि मांडीवर हात दाबून चालायला शिकले, आणि त्या दिवशी त्यांना किती मोकळं वाटलं असेल ते मला विचारा. तुम्ही आज कॅलिपर म्हणता तेव्हा त्यांना तो दिसतो. आता प्लास्टिकचे येतात, पॉलीप्रॉपिलीनचे, पायाचा साचा घेऊन त्या मापाचे बनवलेले, वजनाला हलके, पँटच्या आत जातात आणि नेहमीच्या बुटात बसतात. शिवाय त्यांना पूर्ण मांडीपर्यंतचा लागेल की फक्त घोट्याचा पुरेल हेही बघितल्याशिवाय कळत नाही. मांडीवर हात दाबून चालण्यात त्या हाताच्या मनगटाची आणि खांद्याची, कमरेची वाट लागते, आणि तुम्ही लिहिलंय की उजवा पायपण दुखतो, तो दोघांचं ओझं वाहतोय. डॉक्टर किंवा फिजिओने कॅलिपर सुचवला तर तो पाय वाचवायला सुचवलेला असतो, असं त्यांना फिजिओनेच सांगू द्या, तुम्ही नको. त्याआधीची पायरी म्हणजे काठी, ती उजव्या हातात धरायची, अशक्त पायाच्या उलट्या हातात, बरेच लोक चुकीच्या हातात धरतात.

मुंबईला हाजी अलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, 1955 पासूनची, तिथे डॉक्टर, फिजिओ आणि कॅलिपर बनवणारे एकाच छपराखाली भेटतात. लांब आहे, पण एकदा जाऊन नीट तपासून यावं असं ठिकाण आहे. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडीआयपी योजनेतून उत्पन्नाच्या अटीत बसलं तर साधनं फुकट किंवा अर्ध्या किमतीत मिळतात, त्यासाठी शिबिरं होतात, पण शिबिरात माप देऊन आलेला कॅलिपर टोचत असेल तर तो कपाटात टाकू नका, परत जाऊन दुरुस्त करून घ्या. टोचणारा कॅलिपर हीच बहुतेकांनी कॅलिपर सोडायची गोष्ट असते.

हर्नियाचं ऑपरेशन डॉक्टरांनी सांगितलंय तर करा, पण आधी भूलतज्ज्ञांना, सर्जनना नाही, भूलतज्ज्ञांना स्वतः भेटा. पेशंटला पोलिओ आहे आणि नवीन अशक्तपणाही येतोय हे लेखी सांगा, फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. पोलिओवाल्यांना झोपेच्या आणि भुलीच्या औषधांचा असर जास्त होतो, शुद्धीवर यायला वेळ लागतो, स्नायू सैल करायची औषधं जास्त वेळ टिकतात, त्यामुळे डोस विचार करून द्यावा लागतो. घोरण्याचं-श्वासाचं काही असेल तर तेही सांगायचंच. ऑपरेशन थिएटर बर्फासारखं थंड असतं, पांघरूण आणि गरम मोजे मागून घ्या. त्याच दिवशी घरी सोडतो म्हणाले तर एक रात्र थांबा. नंतर टाके भरेपर्यंत पायऱ्या चढायच्या नाहीत हे ओघाने आलंच, आणि ऑफिसला नेहमीपेक्षा जास्त दिवसांची रजा टाका.

मुलाला हे पत्र वाचायला द्या. बाळा, तुझे बाबा कारणं सांगत नाहीयेत. कारणं सांगायची असती तर त्यांच्याकडे दोन वर्षांचे असल्यापासून एक चांगलं कारण होतं, आणि त्यांनी ते तुझ्या कॉलेजच्या फीच्या वेळी वापरलं नाही. पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर न्यूरोलॉजिस्टकडे तू जा, आईला घरी राहू दे. तिलाही अर्धा तास आडवं पडायचं असेल.

राहिली व्हीआरएस. आत्ता नको असं माझं मत. नोकरी हा त्यांच्या दिवसाचा कणा आहे, तो काढला तर माणूस घरात बसून जास्त खचतो, मी बघितलंय. पण दोन मजले चढायचंही कारण नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये सरकारी ऑफिसला कर्मचाऱ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यावी लागते, टेबल तळमजल्यावर घेणं ही त्यातली अगदी साधी सोय झाली. त्यांचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट तीस वर्षांपूर्वीचं असेल तर सिव्हिलला जाऊन नव्याने तपासणी करून घ्या, युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं नसेल तर तेही त्यातच होईल, कारण अशक्तपणा वाढला असेल तर टक्केवारी बदलू शकते, आणि इन्कम टॅक्सच्या 80यू कलमात जुन्या करप्रणालीने रिटर्न भरत असतील तर 40 टक्क्यांवर 75,000 आणि 80 टक्क्यांवर 1,25,000 ची वजावट मिळते. बदलीचा धोका असेल तर तेही त्याच अर्जात लिहा. न्यूरोलॉजिस्टचा कागद आला की तो जोडून तळमजल्याचा अर्ज टाका, आणि तो अर्ज तुम्ही किंवा मुलाने नाही, त्यांनीच लिहू दे. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज तपासलेत त्यांनी, दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घ्यायचा हे त्यांना मी सांगायची गरज नाही.